लक्झरीचं माप किती : मामांच्या फ्लॅटचं पूर्ण प्रकरण

आधीच कबूल करतो, या प्रकरणात मी काय धुतल्या तांदळासारखा नाही. बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपती मंडळांच्या पावत्या आणि वर्षाला सात-आठ बिल्डरांची ब्रोशरं. त्यामुळं 'निसर्गाच्या कुशीत', 'स्वप्नातलं घर आता सत्यात', 'प्रीमियम लाइफस्टाइलचा नवा पत्ता' हे सगळं माझ्याच हातनं टाईप होऊन गेलंय. जुनी फाईल उघडायची, 'सेव्ह अ‍ॅज' मारायचं, नाव बदलायचं, फोटो बदलायचा, झालं. एकदा नाव बदलायचं एका ठिकाणी राहिलं आणि गणेशपूरकडच्या एका प्रोजेक्टच्या ब्रोशरात तिसऱ्या पानावर वडगावच्या प्रोजेक्टचं नाव छापून गेलं. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, ना गिऱ्हाइकाच्या ना बिल्डरच्या. म्हणजे ते पान कुणी वाचतच नव्हतं.

खरं मामांनी वाचलं. (ते नव्हे, त्यांच्या फ्लॅटचं. तेही माझ्याकडचं नव्हतं हे नशीब.)

मामा उद्यमबागेत एका फाउंड्रीत एकतीस वर्षं क्वालिटीला होते. व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज, रिजेक्शन रिपोर्ट, हेच आयुष्य. रिटायर झाले, वडगावच्या जुन्या घराची भावाभावांत वाटणी झाली, हातात थोडे पैसे आले. मामीचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट असलेला टूबीएचके बघायचा ठरला, भाग्यनगर-अनगोळच्या बाजूला, कारण आयुष्य त्याच भागात गेलंय. माझं काम एवढंच होतं की इंग्लिश कागद वाचून दाखवायचे आणि मोजताना टेपचं दुसरं टोक धरायचं.

ब्रोशर सोळा पानी, जाड आर्ट पेपर, वर सोनेरी फॉइल. फॉइलचा रेट मला माहीत आहे, त्यामुळं मी आधीच जरा सावध झालो. बिल्डिंगच्या नावात 'ग्रीन' पण होतं आणि 'हाइट्स' पण होतं. हाइट म्हणाल तर खाली पार्किंग आणि वर चार मजले. ग्रीन म्हणाल तर कंपाउंडच्या पलीकडं भाताचं शिवार, ते दुसऱ्याच कुणाचं, आणि तो पण उद्या एनए करून विकणारच. म्हणजे शेजाऱ्याच्या भाताचे पैसे आपण बिल्डरला द्यायचे.

रस्त्यावरच्या होर्डिंगवर वर कानडी, खाली मराठी, आणि दोन्हीकडं 'लक्झरी' तसंच्या तसं. सीमाप्रश्नावर इतकी वर्षं एकमत होईना, पण लक्झरी, प्रीमियम आणि लाइफस्टाइल या तीन शब्दांवर दोन्ही भाषांची कधीच तडजोड झालेली आहे.

मामांनी पहिल्याच दिवशी लाल पेन घेतलं आणि ब्रोशरमधल्या प्रत्येक कौतुकाच्या शब्दाला गोल करत बसले. चौतीस निघाले. मग वहीत दोन रकाने. एकाला नाव दिलं 'मोजता येतंय', दुसऱ्याला 'येत नाही'. मी म्हटलं मामा हे कशाला, जाहिरात आहे ती, सगळेच तसं लिहितात. तर म्हणाले, "हे बघ, आमच्यात ड्रॉइंगवर बिडाची ग्रेड एफजी २६० लिहिली की ताकद निदान २६० यायलाच पाहिजे टेस्टिंगला. तिथं 'उत्तम दर्जाचं बीड' असं लिहून लावून दिलं असतं तर गिऱ्हाइकानं गाडी तशीच परत फिरवली असती की. मी चोपन्न लाख द्यालोय, मला पण ग्रेड कळू दे."

चौतीसपैकी अकरा शब्द मोजता येणाऱ्या रकान्यात गेले, तेवीस दुसऱ्या. पुढं जे काय झालं ते सगळं या वहीच्या जिवावर.

सगळ्यात मोठ्या अक्षरातली ओळ होती 'अफोर्डेबल लक्झरी'. यातली गंमत मला पण नंतर कळली. यातल्या एका शब्दाला सरकारनं माप ठरवून दिलंय, दुसऱ्याला कुणीच नाही. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी आहे तो अफोर्डेबल असेल तर १ टक्का, नसेल तर ५ टक्के. आणि बेळगावसारख्या मेट्रो नसलेल्या गावात अफोर्डेबल म्हणजे कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत, दोन्ही पाहिजे. मामांच्या फ्लॅटचं कार्पेट त्यात बसत होतं पण किंमत ५४ लाख २८ हजार, म्हणजे ५ टक्क्यांनी २ लाख ७१ हजार ४०० जीएसटी. ब्रोशरवर अफोर्डेबल आणि बिलावर नाही. मामांनी मार्केटिंगच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, सर ते टॅगलाइन आहे. "टॅगलाइनला जीएसटी किती मग?" पोरगं हसलं. चांगलं होतं बिचारं, प्रत्येक वाक्याला सर म्हणत होतं आणि पाणी विचारत होतं, त्याच्यावर काय राग नाही.

आता मेन विषय, एरिया. ब्रोशरवर ११८० स्क्वेअर फूट, रेट ४६००. हा ११८० म्हणजे सुपर बिल्टअप, त्यात भिंती, बाल्कनी, जिना, लिफ्टचं भोक, लॉबी, वॉचमनची खोली, सगळ्यातला वाटा आला, आणि हा वाटा किती धरायचा ते बिल्डरच्या मनावर. कार्पेटचं तसं नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांसाठीच्या रिअल इस्टेट कायद्यात, कार्पेटची व्याख्याच दिलेली आहे, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि स्वतःची उघडी गच्ची सोडून आतली वापरायची जागा, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरून. मामांच्या फ्लॅटचं कार्पेट ८२६. हा आकडा ब्रोशरात होता, नव्हता असं नाही, चौदाव्या पानावर, राखाडी रंगात, सहा पॉइंटच्या बारीक टायपात. सहा पॉइंट कधी वापरतात ते मला विचारा.

मामांनी ब्रोशरच्याच पाठीमागं हिशेब मांडला. ११८० गुणिले ४६००, बरोबर ५४,२८,०००. भागिले ८२६. आले ६५७१. "म्हणजे रेट साडेसहा हजार आहे आणि तू सेहेचाळीसशे सांगालास." पोरगं म्हणालं सर मार्केटमध्ये सगळे असंच सांगतात. ते खरं पण आहे. त्यामुळंच दोन बिल्डिंगांचे रेट कधी एकमेकांशी लावून बघता येत नाहीत, एकाचं लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेला हा वाटा, पंचवीस टक्के आणि दुसऱ्याचं त्रेचाळीस, आणि आपण घरी येऊन सांगतो की तिथं दोनशे रुपये कमी आहे.

फ्लॅटच्या नकाशात हॉलमध्ये सोफा, बेडरूममध्ये डबल कॉट, कपाट, टेबल सगळं छान बसलेलं होतं. मामांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली, नकाशाचं प्रमाण बघितलं आणि कॉट मोजली. लांबी साडेचार फूट आली. मामा पाच फूट आठ इंच. मी गप्प बसलो, कारण ती कॉट कशी बारीक होते ते मला चांगलं माहीत आहे, शिफ्ट दाबून कोपऱ्यातनं ओढायचं, खोली आपोआप मोठी होते.

बाकी शब्द भराभर सांगतो. '१०० टक्के वास्तू, पूर्वाभिमुख' असं होतं. मजल्यावर चार फ्लॅट, लिफ्टच्या लॉबीभोवती, दोन दारं समोरासमोर. मामांनी मोबाईलमधलं होकायंत्र काढून लॉबीत उभं राहून विचारलं की समोरासमोरची दोन दारं पूर्वेला कशी होतील. उत्तर आलं, सर बिल्डिंगचं मेन गेट पूर्वेला आहे. 'जॉगिंग ट्रॅक' म्हणजे बिल्डिंगच्या चारी बाजूला नियमाप्रमाणं मोकळी सोडावीच लागते ती जागा, त्यावर हिरवा रंग. मी चालून बघितलं, एकशे अठरा पावलं झाली आणि पंपाची खोली आडवी आली. 'स्टेशनपासून ५ मिनिटं' हे रात्री अडीचला खरं असेल, काँग्रेस रोडवरनं टिळकवाडीत शिरताना रेल्वे गेट पडलेलं असलं की पाच मिनिटं नुसती मालगाडीचे डबे मोजण्यात जातात. 'राजहंसगड व्ह्यू' मात्र खरा निघाला, वरच्या मजल्यावरनं दक्षिणेला गड दिसतो, जून ते सप्टेंबर सोडून.

'स्मार्ट होम' या शब्दाला आमच्या गावात जरा इतिहास आहे. जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीची पहिली वीस गावांची यादी आली, त्यात बेळगावचं नाव होतं. त्यानंतर माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक मजकुरात कुठंतरी स्मार्ट घुसायला लागलं, लेआउट स्मार्ट, रो हाउस स्मार्ट, एकानं तर गाळ्यांना स्मार्ट शॉप लिहून घेतलं. इथल्या फ्लॅटमध्ये स्मार्ट काय आहे विचारल्यावर कळलं की दाराशेजारी एक रिकामी डबी आहे, त्यात व्हिडिओ डोअर फोन आपण आणून बसवायचा.

'२४ तास पाणी' हे पण बेळगावात साधं वाक्य नाही. २००८ पासून इथल्या दहा वॉर्डांत कॉर्पोरेशनचं चोवीस तास पाणी प्रयोग म्हणून सुरू झालं, त्यामुळं माणसाला वाटतं की राकसकोपच्या किंवा हिडकलच्या धरणाचं पाणी, नळ उघडला की केव्हाही. ज्याच्या घरी ते आहे तो पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. ब्रोशरमधलं २४ तास पाणी म्हणजे बोअर, आणि वरची टाकी भरलेली असली की चोवीस तास. दोन्हीला शब्द एकच. मामींना ते लगेच कळलं, त्या म्हणाल्या डाळ शिजायची नाही बोअरच्या पाण्यात.

आणि सगळ्या पानांवर खाली शिक्का मारल्यासारखं 'रेरा अ‍ॅप्रूव्हड'. रेरा, म्हणजे त्या कायद्याखालचं सरकारी प्राधिकरण, कुणाला अ‍ॅप्रूव्ह करत नाही, रजिस्टर करतं. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त असले की रजिस्ट्रेशन केल्याशिवाय जाहिरात पण करता येत नाही, बुकिंग पण नाही, म्हणून 'प्री-लाँच ऑफर' असं कुणी लिहिलं की ती ऑफर नसते, कबुलीजबाब असतो. इथं सोळा फ्लॅट, नंबर होता, जाहिरातीत तो द्यावाच लागतो आणि रेराच्या वेबसाइटचा पत्ता पण. घरी येऊन कर्नाटक रेराच्या साइटवर नंबर टाकला. कार्पेट ७६.७४ चौरस मीटर, म्हणजे ८२६ फूट बरोबर. मंजूर प्लॅन होता. पूर्ण करायची तारीख होती, आणि ती ब्रोशरमधल्या 'लवकरच ताबा'पासून चौदा महिने लांब होती. माझ्या मते नुसता फ्लॅट बघून यायच्या आधी ही अर्ध्या तासाची गोष्ट करावी, सोळा पानी आर्ट पेपरपेक्षा तिथं जास्त कळतं आणि तिथं विशेषण टाकायला रकानाच नाही.

दुसऱ्या भेटीत पोरानं दसऱ्याची ऑफर काढली, आज वीस टक्के भरा, मॉड्युलर किचन फ्री. वीस टक्के म्हणजे जवळजवळ १० लाख ८६ हजार, पावतीवर. रेराच्या कलम १३ प्रमाणं अ‍ॅग्रीमेंट लेखी होऊन रजिस्टर व्हायच्या आधी दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. हे मी सांगितलं तर पोरगं म्हणालं, थांबा सर, मी साइट इंजिनिअरना बोलावतो. मला वाटलं आता भांडण.

इंजिनिअर आला, चाळिशीचा, चिकोडीकडचा, बुटाला सिमेंट. मामांनी ब्रोशर बाजूला ठेवलं आणि विचारलं, "स्लॅबला काँक्रीट कुठलं?" एम २५. "क्युरिंग किती दिवस?" आणि पुढं पाऊण तास मी आणि ते पोरगं दोघं शेजारी बसून चहा प्यायलो, कारण मामा आणि इंजिनिअर काँक्रीटच्या क्यूब टेस्टच्या गप्पांवर गेले होते. वर जाऊन एक तयार फ्लॅट मोजला. मी टोक धरलं, मामांनी वाचलं, इंजिनिअरनं लिहिलं. सगळ्या खोल्यांत मिळून फरक अर्ध्या इंचाच्या आत. भिंती ओळंब्यात. मामा खाली आल्यावर हळूच म्हणाले, "काम चांगलं करालेत रे. मग लिहिताना असं का लिहितात?"

याचं उत्तर माझ्याकडं आहे आणि ते माझ्या धंद्याचं आहे. ज्यानं बांधलं तो लिहीत नाही. लिहितो तो ज्यानं साइट बघितलेली नाही, आणि त्याला सांगितलेलं असतं की शेजारच्या ब्रोशरपेक्षा भारी पाहिजे. 'चौदा फुटाचा हॉल, भिंती सरळ, लिफ्ट सहा माणसांची' असं मजकूर घेऊन माझ्याकडं आजपर्यंत एकही बिल्डर आलेला नाही. त्यात दुसरा पण हिशेब आहेच. जाहिरातीत खोटं लिहून कुणाचं नुकसान झालं तर कलम १२ प्रमाणं भरपाई द्यावी लागते, गिऱ्हाईक बाहेर पडतो म्हणाला तर व्याजासकट पैसे परत. स्विमिंग पूल लिहिला आणि नाही बांधला तर माणूस पकडता येतो. 'रिसॉर्टसारखं वातावरण' लिहिलं तर कशाला पकडणार? म्हणून मोजता येणाऱ्या शब्दाला फूटपट्टी लागते आणि दुसऱ्याला नुसतं फॉइल, आणि फॉइल स्वस्त पडतं.

मग मामांनी वही पुढं केली. म्हणाले, मला डिस्काउंट नको, हे चौतीस शब्द आहेत, यातले जे खरे आहेत ते अ‍ॅग्रीमेंटच्या शेड्यूलमध्ये लिहून द्या, जे नाहीत ते मी खोडतो. बिल्डर स्वतः होता त्या दिवशी. आधी जरा चिडला, वकिलाकडून आलेला ड्राफ्ट आहे म्हणाला, बदलत नाही. खरं इंजिनिअर मध्ये पडला.

दोन तास लागले. 'इटालियन फिनिश फ्लोअरिंग' खोडून तिथं ८०० बाय ८०० मिलिमीटर व्हिट्रिफाइड टाइल आली. 'ब्रँडेड फिटिंग्ज'च्या जागी नळाच्या कंपनीचं नाव. '२४ तास पाणी' गेलं आणि एक बोअर, तीस हजार लिटरचा संप (जमिनीखालची टाकी), आणि कॉर्पोरेशनचं कनेक्शन बिल्डरच्या खर्चानं, हे आलं, शेवटच्या चार शब्दांसाठी अर्धा तास गेला. 'पॉवर बॅकअप' म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे, घरात नाही, हे स्पष्ट झालं, आणि ते लिहिलं. 'थ्री टिअर सिक्युरिटी' वाचल्यावर इंजिनिअरच हसला, एक वॉचमन आणि चार कॅमेरे असं लिहा म्हणाला. ताब्याची तारीख रेराच्या साइटवरचीच घातली, आणि उशीर झाला तर व्याज कर्नाटकच्या नियमाप्रमाणं, स्टेट बँकेचा सगळ्यात वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा मूळ व्याजदर) अधिक दोन टक्के.

ड्राफ्टमध्ये जिथं जिथं 'प्रोव्हिजन' होतं तिथं मामा थांबले. प्रोव्हिजन फॉर एसी, प्रोव्हिजन फॉर गीझर, प्रोव्हिजन फॉर इन्व्हर्टर. लाइफस्टाइल ब्रोशरात संपते आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये हा शब्द सुरू होतो. एसीचं प्रोव्हिजन म्हणजे भिंतीला एक भोक आणि त्यात कोंबलेलं गोणपाट. मामांनी प्रत्येकापुढं लिहून घेतलं, पॉइंट किती अँपिअरचा, वायर आहे का नुसता पाइप.

'अ‍ॅम्पल पार्किंग' जरा तापलं. फ्लॅट सोळा, मामांनी खांब मोजून सांगितलं छपराखालच्या गाड्या चौदाच बसतात. शेवटच्या दोघांना उघड्यावरचं, आणि त्याचे पण सव्वा लाख लावलेले. रेराच्या व्याख्येत उघडं पार्किंग कॉमन एरियात येतं, सगळ्यांच्या मालकीचं, ते वेगळं विकायचं कसं? हे मी वाचून दाखवलं. बिल्डर वकिलाला फोन लावून बाहेर गेला, परत आला आणि काही न बोलता आमच्या कागदावरचा पार्किंगचा आकडा खोडला. मामांना छपराखालची सात नंबरची जागा मिळाली, प्लॅनवर खूण करून. आमच्यानंतर येणाऱ्या पंधराव्या-सोळाव्या गिऱ्हाइकाला त्यानं काय सांगितलं असेल कोण जाणे.

'क्लिअर टायटल'चं माप आमच्याकडं नव्हतं, ते वकिलाला दिलं. त्यांनी जुने उतारे आणि ईसी (जागेवर बोजा आहे का ते सांगणारा दाखला) काढून बघितले, तीन आठवडे लागले, त्यात सांगण्यासारखं काही निघालं नाही आणि ते चांगलंच झालं.

शेवटी मोजलं तर चौतीसपैकी पंधरा शब्द कागदावर आले, वेगळ्या रूपात का असेनात. मामांच्या रकान्यात अकराच होते, चार इंजिनिअरनं स्वतःहून वाढवले. एकोणीस गळाले. किंमत तीच राहिली, सव्वा लाख तेवढे वाचले.

सही करायच्या दिवशी मामी पण आल्या होत्या. इतके दिवस त्यांनी एकदाच तोंड उघडलं होतं, त्या डाळीवरनं. सगळं झाल्यावर त्यांनी ब्रोशरचं बारावं पान काढलं, तिथं रात्रीचं चित्र होतं, गच्चीवर वेताच्या खुर्च्या, निळे दिवे, हातात ग्लास घेतलेली गोरी माणसं, खाली 'स्काय लाउंज'. मामा म्हणाले ते खोडलंय की. मामी म्हणाल्या, "खोडलासा, खरं ती जागा कुठाय? एप्रिलात चटणीला दहा किलो ब्याडगी वाळवावी लागतीय. त्यांच्या खुर्च्यांत कुठं पसरू?"

बिल्डरनं इंजिनिअरकडं बघितलं. इंजिनिअर म्हणाला, "मामी, वाळवा की बिनधास्त. लाउंज म्हणजे टेरेसच ओ. खुर्च्या नाहीत तिथं, नुसती टाकी आहे."